यंत्र परत गेले. मागे काय राहिले?



शाळेत एखादे नवे उपकरण दाखल झाले की त्या दिवशी गावात छोटासा समारंभच होतो. नारळ फुटतो, फीत कापली जाते, सरपंच आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सभासद पुढच्या बाकावर बसतात, छायाचित्र निघते. उपकरण काय काय करू शकते, हे त्या दिवशी सविस्तर सांगितले जाते. ते उद्या नादुरुस्त झाले अथवा परत नेले गेले, तर गावाजवळ काय शिल्लक राहील, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही; शुभप्रसंगी तो विचारणे बरे दिसत नाही हेही खरे. तथापि शिक्षणाचा आणि यंत्राचा माणसाच्या जीवनावर टिकाऊ परिणाम झाला की नाही, हे ठरविण्यास ह्यापेक्षा चांगली कसोटी नाही.

ही कसोटी आपल्या देशात एकदा प्रत्यक्ष लागून गेली आहे, आणि तीही लहानसहान प्रमाणावर नव्हे. सुमारे २,४०० खेड्यांना एक वर्षासाठी एक यंत्र मिळाले आणि वर्ष संपताच ठरल्या दिवशी ते परत गेले. ही हकीकत उपग्रहाद्वारे झालेल्या शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोगाची. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘साइट’ ह्या नावाने ओळखला जातो. १ ऑगस्ट १९७५ रोजी तो सुरू झाला व ३१ जुलै १९७६ रोजी संपला. मुंबईस दूरचित्रवाणी केंद्र निघाले ते १९७२ मध्ये. म्हणजे शहरांतही हे साधन अजून अपूर्वाईचे होते, तेव्हा आंध्र प्रदेश, ओरिसा, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश व राजस्थान ह्या सहा राज्यांतील, तेही मुद्दाम मागासलेल्या जिल्ह्यांतील खेड्यांत ते पोचविण्यात आले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. परंतु सोलापूरला लागून असलेला विजापूर आणि त्याच्या पलीकडचे गुलबर्गा व रायचूर हे कर्नाटकातील जिल्हे त्यात होते. सीमेच्या अलीकडच्या गुरुजींना पलीकडच्या गावातील शाळेवर उभारलेली ती थाळी सहज पाहता आली असती.

ह्या कल्पनेचे जनक डॉ. विक्रम साराभाई. अमेरिकेच्या अंतराळ संस्थेशी, म्हणजे नासाशी, तसा करार १९६९ च्या सप्टेंबरात झाला. डिसेंबर १९७१ मध्ये साराभाईंचे निधन झाले आणि प्रयोग पाहणे त्यांच्या नशिबी आले नाही. पुढे ज्यांनी तो उभा केला त्यांत अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राचे संचालक प्रा. यश पाल आणि मूळचे कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस ही नावे प्रमुख आहेत. उपग्रह अमेरिकेचा, नाव एटीएस-६. आधी एक वर्ष तो अमेरिकेतील शाळांसाठी व दवाखान्यांसाठी वापरला गेला. नंतर तेथून सरकवून पूर्व आफ्रिकेवर, विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, आणून ठेवला. तेथून भारत त्याच्या टप्प्यात येत होता. उपग्रह परका असला तरी बाकीचे पुष्कळसे काम येथल्या माणसांनी केले. कार्यक्रम धाडणारे भूकेंद्र, खेड्यातील संच, त्यावरील थाळी, दुरुस्तीची व्यवस्था, कार्यक्रमांची निर्मिती हे सारे भारतीय अभियंत्यांनी व निर्मात्यांनी पार पाडले. खेड्यातील थाळी सुमारे तीन मीटर व्यासाची होती, आणि ती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची बनविलेली होती. ही गोष्ट सांगण्याजोगी आहे. उच्च तंत्रविद्या म्हणजे चकचकीत वस्तूच असली पाहिजे असे नाही. लहरींच्या लांबीच्या मानाने जाळीची छिद्रे लहान असली की झाले. लहरीला जाळी आणि पत्रा सारखेच. ज्याला हे कारण ठाऊक असते तो जाळी वापरतो आणि पैसा वाचवितो. ज्याला ठाऊक नसते तो तयार वस्तू विकत घेतो.

रोज चार तास कार्यक्रम असत. शाळेच्या दिवशी सकाळी दीड तास पाच ते बारा वर्षे वयाच्या मुलांसाठी. हा वेळ हिंदी, कन्नड, उडिया व तेलुगू ह्या चार भाषांत वाटलेला असल्यामुळे प्रत्येक मुलाच्या वाट्यास जेमतेम बावीस मिनिटे येत. सायंकाळी अडीच तास गावकऱ्यांसाठी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, बातम्या व करमणूक. बहुतेक गावी संच शाळेत ठेवलेला असे, आणि त्याची किल्ली पुष्कळदा शाळेच्या मास्तरांकडे असे. सायंकाळी संच बाहेर काढणे, चालू करणे, गर्दी आवरणे, बिघडल्यास कळविणे, रात्री कुलूप लावणे ही कामे त्यांच्याकडे आली. थोडक्यात, प्रयोगाने शिक्षकाला प्रथम राखणदार केले. आज टॅबलेटच्या पेटीची किल्ली ज्यांच्या खिशात आहे त्या गुरुजींना हे ओळखीचे वाटेल.

प्रयोगाची पाहणी कसोशीने झाली. समाजशास्त्रज्ञ व मानववंशशास्त्रज्ञ निवडक खेड्यांत मुक्काम करून राहिले, आणि त्यांनी प्रयोगापूर्वी, प्रयोगाच्या काळात व नंतर नोंदी केल्या. त्यांना जे आढळले ते निःसंदिग्ध यश नव्हे आणि अपयशही नव्हे. पहिल्या दिवसांची झुंबड हळूहळू ओसरली. बायकांची उपस्थिती पुरुषांहून कमीच राहिली. परंतु ज्यांना लिहितावाचता येत नव्हते आणि ज्यांच्या घरी रेडिओही नव्हता, अशा पुष्कळ माणसांना बाहेरच्या जगाची वार्ता पोचविणारे हे पहिलेच साधन होते, आणि आरोग्यासारख्या विषयांत नवी माहिती मिळाली ती तुलनेने अशाच लोकांना, विशेषतः निरक्षर स्त्रियांना, अधिक मिळाली. शेतीच्या कार्यक्रमांचा परिणाम बेताचा झाला. ह्याचे कारण शेतकऱ्याला विचारले असते तर त्याने एका वाक्यात सांगितले असते: जमीन गावोगावची वेगळी आणि बोलणे सर्वांना एकच.

मुलांच्या बाबतीत निष्कर्ष अधिक विचार करावयास लावणारा आहे. शाळेत संच आला म्हणून पटसंख्या वाढली नाही व गळती थांबली नाही. ज्या मुलीला धाकट्या भावंडाला सांभाळावयाचे होते ती घरीच राहिली. ज्या मुलाला गुरांमागे जावयाचे होते तो गेला. पडद्यावरचे चित्र कितीही हलते-बोलते असो, ते घरची अडचण दूर करीत नाही. मात्र जी मुले शाळेत येत होती त्यांच्या भाषेत फरक पडला. त्यांचा शब्दसंग्रह व बोलण्याची तयारी वाढली, आणि पुस्तकाबाहेरही काही जाणून घ्यावे ही ओढ त्यांच्यात दिसू लागली. बावीस मिनिटांच्या मानाने हे कमी नव्हे.

ह्या सर्व गडबडीत एक काम मात्र फारसा गाजावाजा न होता चालले होते. सुट्टीच्या काळात प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञान अध्यापनाची दोन प्रशिक्षणसत्रे घेण्यात आली, प्रत्येकी बारा दिवसांची. प्रत्येक सत्रात सुमारे २४,००० शिक्षक, म्हणजे एकूण सुमारे ४८,०००. एवढ्या शिक्षकांना जिल्ह्याच्या गावी बोलावून शिकवावयाचे तर तितके प्रशिक्षक कोठून आणावयाचे, त्यांची राहण्याजेवण्याची सोय कोठे करावयाची? म्हणून शिक्षक आपापल्या भागातील संच असलेल्या गावी जमले. त्यांनी पडद्यावर पाठ पाहिला, रेडिओवरील भाषण ऐकले, छापील पुस्तिका वाचली. मग गटात बसून चर्चा केली आणि प्रयोग स्वतःच्या हातांनी करून पाहिला. शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची. केवळ चित्र दाखवून त्यांना परत पाठविले असते तर ते प्रेक्षकच राहिले असते. बारा दिवस हात भरवून घेतल्यावर पुष्कळ शिक्षकांच्या ध्यानात आले असेल की विज्ञान शिकविण्यास प्रयोगशाळा लागते ही समजूत आपल्यालाच अडवून धरीत होती. करवंटीचा तराजू, मडके, भिजवलेले मूग, काठी आणि दोरी एवढ्यावर प्राथमिक शाळेतील पुष्कळसे विज्ञान होते. प्रयोगाच्या अभ्यासकांनीही शिक्षक-प्रशिक्षण हा त्याच्या यशस्वी भागांपैकी एक मानला.

आता ३१ जुलै १९७६ कडे यावे. त्या दिवशी प्रयोग संपला. करार एका वर्षाचा होता. तो पुढे वाढविला गेला नाही. उपग्रह पुन्हा पश्चिमेकडे सरकविण्यात आला, आणि १९७९ मध्ये तो कायमचा बंद झाला. गावोगावच्या थाळ्या आकाशाच्या ज्या ठिकाणाकडे तोंड करून होत्या, त्या ठिकाणी आता काहीच नव्हते. १९७७ पासून गुलबर्गा, संबळपूर, रायपूर, मुझफ्फरपूर अशा काही ठिकाणी जमिनीवरील प्रक्षेपण केंद्रे निघाली व जवळपासच्या गावांना पुन्हा कार्यक्रम मिळू लागले. अशी गावे निम्म्याहून कमीच. उरलेल्या गावांत संच मुका झाला.

मागे काय राहिले, ह्याचा हिशेब येथे करावयास हवा.

अभियंत्यांजवळ पुष्कळ राहिले. दुसऱ्याच्या उपग्रहावर वर्षभर हात बसल्यामुळे आपला उपग्रह मागविताना काय मागावे हे त्यांना कळले. १९८३ साली सोडलेल्या इन्सॅट-१बी ह्या उपग्रहाने देशभर दूरचित्रवाणी पोचविली. त्या विद्येचा पाया ह्या एका वर्षात घातला गेला होता. कार्यक्रम करणाऱ्यांजवळही राहिले. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील पीज ह्या गावी त्याच सुमारास एक लहानसे प्रक्षेपण केंद्र निघाले होते. ते १९८५ पर्यंत चालले. तेथील कार्यक्रम त्या जिल्ह्याच्या बोलीत, त्या जिल्ह्याच्या प्रश्नांवर होत. अस्पृश्यता, शेतमजुरांची मजुरी, सावकारी ह्यांसारखे विषयही त्यांत येत, आणि गावकरी स्वतः त्यांत भाग घेत. ग्रामीण संप्रेषणाबद्दलचे युनेस्कोचे पारितोषिक त्या उपक्रमास १९८४ साली मिळाले. उपग्रहाला जे साधत नव्हते ते लहान मनोऱ्याला साधले, कारण बोलणारा आणि ऐकणारा एकाच मुलखातले होते.

आणि शिक्षकांजवळ? ह्याची मोजदाद कोणी केलेली नाही आणि ती सोपीही नाही. परंतु एवढे तर्काने म्हणता येते: ज्या शिक्षकाने केवळ किल्ली सांभाळली त्याची जबाबदारी ३१ जुलैला संपली, ज्याने करवंटीचा तराजू स्वतः केला त्याला तो १ ऑगस्टलाही करता येत होता. निवृत्त होईपर्यंत दरवर्षी एक नवा वर्ग त्याच्यासमोर बसला असेल. तीस मुलांचा वर्ग आणि पंधरा वर्षांची उरलेली नोकरी धरली तरी साडेचारशे मुले होतात. त्या मुलांना उपग्रहाचे नावही ठाऊक नसेल.

ह्याच दशकात महाराष्ट्रात एक प्रयत्न झाला, त्यात यंत्राचा भाग फार थोडा होता. म्हणूनच तो शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये स्थापन झाले. त्याने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत विज्ञान व गणित ह्यांचे अध्यापन सुधारण्याचे काम हाती घेतले, आणि तेही तेथल्याच शिक्षकांकरवी. त्यातून एक गोष्ट पुढे आली, ती बारकाईने लक्षात घेण्यासारखी आहे. मुलांना विज्ञान अवघड जाते असे जे वाटत होते, त्यातला मोठा वाटा विज्ञानाचा नव्हताच. तो पाठ्यपुस्तकातील भाषेचा होता. लांब वाक्ये, संस्कृत वळणाच्या संज्ञा, घरी कधीही न ऐकलेली क्रियापदे ह्यांनी मुलांची वाट अडविली होती. भाषा सोपी केली तेव्हा तीच मुले पुढे सरकली, आणि ज्यांच्या घरात पुस्तकी भाषा कधी शिरली नव्हती त्यांना ह्याचा लाभ विशेष झाला. ‘बाष्पीभवन’ हा शब्द परीक्षेसाठी शिकावाच लागतो. परंतु दोरीवरचे लुगडे वाळते तेव्हा पाणी कोठे जाते, हा प्रश्न आधी यावयास हवा. हा क्रम उलटा झाला की मूल गप्प होते, आणि गप्प बसलेल्या मुलाला आपण मंद समजतो. ह्या एका गैरसमजापायी किती मुले चौथीनंतर शाळा सोडून गेली असतील, ह्याची कल्पना ज्याची त्याने करावी. ते नुकसान कोणत्याही पडद्याने भरून निघणारे नाही. वर्गातील शिक्षकाने भाषा बदलली तर निघेल.

ह्यावरून कोणी असा अर्थ काढील की यंत्राची गरज नाही, शिक्षक असला म्हणजे झाले. तसे नाही. साताऱ्याचा अनुभव ह्याच्या आड येतो. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. प्रौढ निरक्षरांना साक्षर करावयाचे, आणि तेही गावाने स्वतःचे काम म्हणून, असा तिचा बाणा होता. प्राथमिक शिक्षकांनी दिवसाची शाळा सांभाळून रात्री वर्ग घेतले. सबंध गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. त्याचे वर्णन वाचले तर आजही ऊर भरून येतो. दोन-तीन वर्षांत मोहीम राज्यातील इतर जिल्ह्यांतही पसरली. पैसा थोडा, साधने थोडी, आणि काम मोठे. परंतु पुढे काय झाले हेही नमूद केले पाहिजे. नवसाक्षरांपैकी पुष्कळजण पुन्हा अक्षर विसरले. गाव साक्षर झाले. पण वाचावयाचे काय? मोठ्या टाइपातील सोपी पुस्तके नव्हती, फिरते वाचनालय बैलगाडीच्या वाटेने क्वचितच येई, वर्तमानपत्र आले तर एखाददुसरे. न वापरलेला विळा गंजतो तसे न वापरलेले अक्षर गंजते. म्हणजे येथे शिक्षक होता, जिद्द होती, आणि शिकलेले रोज वापरावयास लावणारे साधन नव्हते. आज खेड्यातील आईच्या हाती मोबाइल असतो, त्यावर मराठीत संदेश येतात, आणि ती ते रोज वाचते. साताऱ्याच्या नवसाक्षराला ह्याच्या शतांशाने जरी वाचन मिळाले असते तर हिशेब वेगळा झाला असता.

सबब दोन्ही बाजू ध्यानात ठेवणे प्राप्त आहे. ‘साइट’मध्ये यंत्र गेले, आणि जे हातात बसले तेवढे उरले. साताऱ्यास शिक्षण झाले, आणि वापर न मिळाल्याने ते पुष्कळसे विरले.

महाराष्ट्राच्या पुढील वाटचालीतही हाच धागा दिसतो. १९८४ साली पुण्यास बालचित्रवाणी निघाली. मराठी मुलांसाठी तेथे कार्यक्रम तयार होत व ते दूरदर्शनवरून दाखविले जात. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पुष्कळ शिक्षकांनी ते लहानपणी पाहिलेले असतील. २०१७ साली ती संस्था बंद झाली. २००४ साली शिक्षणासाठी म्हणून एज्युसॅट हा उपग्रह सोडण्यात आला. त्याचेही आयुष्य केव्हाच संपले. मग प्रक्षेपक आले, स्मार्ट टीव्ही आले, पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड आला, दीक्षा हे ॲप आले. मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा सह्याद्री वाहिनीवरून ‘टिलीमिली’ ही मालिका दाखविली गेली, आणि पंचेचाळीस वर्षांनी दूरचित्रवाणी पुन्हा शाळेच्या मदतीस आली. त्या मालिकेत मुलांनी घरच्या वस्तूंतून काही करून पाहावे असा रोख होता, हे विशेष. पण ज्या घरी संच नव्हता आणि मोबाइल बापाबरोबर कामावर जात होता, त्या घरच्या मुलाकडे अखेर गुरुजी आणि बाईच चालत गेल्या. ओट्यावर, झाडाखाली, देवळाच्या सभामंडपात चार-पाच मुले जमवून शिकविणारे शिक्षक त्या काळात प्रत्येक तालुक्यात होते. त्यांची छायाचित्रे फारशी निघाली नाहीत.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे श्री. रणजितसिंह डिसले ह्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा क्यूआर कोडचा उल्लेख सर्वत्र झाला. त्यांनी मुलांना समजेल अशा मातृभाषेत पाठ्यपुस्तकाचा मजकूर आणला, ह्याची चर्चा त्या मानाने कमी झाली. कोड ही वाट होती. वाटेच्या टोकाशी मुलाची भाषा होती. खिरोद्याचाच धडा येथे पुन्हा भेटतो.

तेव्हा आज ज्या शाळेत स्मार्ट टीव्ही आहे तेथे काय करावे? वीज, दुरुस्ती, इंटरनेटचा खर्च ह्या अडचणी खऱ्या आहेत. त्यांविषयी येथे लांबण लावीत नाही, कारण त्या शिक्षकांच्या हाती नाहीत. शिक्षकांच्या हाती आहे ते हे की पडद्यावर दिसलेली एक तरी गोष्ट त्याच आठवड्यात पडद्याबाहेर, मुलांच्या हातांनी घडावी. एक उदाहरण पुरेसे आहे.

सूर्य, सावली आणि दिशा ह्यांवरील चित्रफीत उत्तम असते. पृथ्वी फिरताना दिसते, सावली लांब-आखूड होताना दिसते. पण ती फीत प्रत्येक गावी एकच. ‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर असतो’ असे वाक्य मुलाच्या कानावर पडते व ते पाठ होते. शाळेच्या मैदानात एक सरळ काठी ओळंब्याने उभी रोवावी आणि पाहावे. सावली सर्वांत आखूड होते ती घड्याळात बारा वाजता नव्हे. भारतीय प्रमाणवेळ ८२½ अंश पूर्व रेखावृत्ताची आहे. महाराष्ट्र त्याच्या पश्चिमेस. एका अंशास चार मिनिटे ह्या हिशेबाने रत्नागिरीस मध्यान्ह सरासरीने बारा वाजून सदतीस मिनिटांच्या सुमारास होते, सोलापुरास बारा सव्वीसच्या सुमारास, गडचिरोलीस बारा दहाच्या सुमारास. वर्षभरात हा क्षण सुमारे पाव तास मागेपुढेही होतो: फेब्रुवारीत उशिरा, नोव्हेंबरात लवकर. सूर्य खरोखर अगदी डोक्यावर येतो तो आपल्याकडे वर्षातून दोनच दिवस, बहुधा मे आणि जुलै महिन्यांत. मे महिन्यात शाळेला सुट्टी, आणि जुलैत आभाळ भरलेले. विज्ञानाला शाळेच्या वेळापत्रकाची पर्वा नसते.

हे मोजताना एक अडचण येते. मध्यान्हीच्या आसपास सावलीची लांबी फार सावकाश बदलते, म्हणून नेमका आखूड क्षण डोळ्यांनी ठरत नाही आणि मुले भांडू लागतात. त्याला जुना उपाय आहे. काठीच्या बुंध्याभोवती दोरीने एक वर्तुळ काढावे. सकाळी सावलीचे टोक आत शिरताना वर्तुळाला जेथे शिवेल तेथे खडा ठेवावा व घड्याळ पाहावे. दुपारी टोक बाहेर पडताना जेथे शिवेल तेथे दुसरा खडा ठेवून पुन्हा घड्याळ पाहावे. दोन वेळांचा मध्य म्हणजे त्या गावची मध्यान्ह. दोन खड्यांना जोडणाऱ्या रेषेचा मध्यबिंदू आणि काठी ह्यांना जोडणारी रेषा म्हणजे दक्षिणोत्तर रेषा. होकायंत्र लागत नाही. दोरी, काठी, दोन खडे आणि ज्याच्याजवळ घड्याळ आहे असा एक मनुष्य एवढे पुरे.

रेषा आखून झाली की मुलांना तिच्यावर उभे करून गावातील घरांवरच्या दूरचित्रवाणीच्या थाळ्या पाहावयास सांगावे. त्या सर्व जवळपास एकाच बाजूस, दक्षिणेकडे व बहुधा थोड्या पूर्वेला कललेल्या आढळतील. अशा का? कारण पृथ्वीबरोबर फिरून आपल्याला स्थिर भासणारे उपग्रह विषुववृत्ताच्या वरच असतात, आणि विषुववृत्त आपल्या दक्षिणेस. १९७५ साली विजापूरकडच्या शाळेवरील जाळीची थाळी मात्र पश्चिमेकडे, किंचित दक्षिणेला तोंड करून होती, कारण तिचा उपग्रह आफ्रिकेवर होता. नकाशा पुढे ठेवला तर पाचवीतील मूल हे स्वतः शोधून काढते. ज्या थाळीकडे ते रोज नुसते पाहत होते तिचा अर्थ त्याला लागतो, आणि घरी जाऊन ते आपल्या आजोबांना सांगते. आजोबा बहुधा विश्वास ठेवीत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी ते काठी पाहावयास शाळेत येतात.

नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ ह्या कामास सोयीचा. ऊन स्वच्छ असते आणि सावली लांब पडते. निदान दर पंधरवड्यास एकदा, एकाच काठीने, मध्यान्हीची वेळ व सावलीची लांबी मुलांकडून लिहून घ्यावी. काठीची उंची आणि गावाचे नाव पहिल्या पानावर असावे. वही मुलांच्याच हस्ताक्षरात असू द्यावी, खाडाखोड असली तरी चालेल. शिक्षकांनी ती सुवाच्य करून पुन्हा लिहू नये. फेब्रुवारीच्या केंद्रसंमेलनास प्रत्येक शाळेने आपली वही सोबत आणावी, म्हणजे शेजारच्या गावांच्या वेळा एकमेकींशी ताडून पाहता येतील.